५१२ तास : पर्यायी इंधनांवरचं इंजिन संशोधन आणि अप्पांचा एक प्रश्न

येरळाकाठ | रविवार, रात्री ९:२०

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचं प्रदर्शन होतं. मी यंत्र अभियांत्रिकी शिकवते, चौदा वर्षं झाली. माझ्या गटातल्या चार मुलांनी करंजाचं तेल आणून त्याचं बायोडिझेल केलं होतं आणि प्रयोगशाळेतल्या इंजिनावर चालवूनही दाखवलं होतं. खानापूर तालुक्यातून माझे चुलते, अप्पा, ते बघायला मुद्दाम एसटीने आले. त्यांच्या विहिरीवर अजून डिझेल इंजिन आहे. मोटर बसवलीय, पण वीज रात्रीची येते आणि येईलच असं नाही.

अप्पांनी पोस्टर वाचलं नाही. बाटलीचं बूच काढून वास घेतला, दोन थेंब बोटावर घेऊन चोळून बघितले आणि विचारलं, "फिल्टर किती तासाला बदलायचा?"

मुलांनी माझ्याकडे बघितलं. अहवालात तेवीस आलेख होते. फिल्टरचं उत्तर एकाही पानावर नव्हतं, कारण आमचं इंजिन त्या तेलावर सगळं मिळून अकरा तास चाललं होतं. मी अप्पांना काहीतरी गुळमुळीत सांगितलं. ते भले, पुढे विचारलं नाही. पण तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून हा धागा.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आमची पद्धत सांगते. पर्यायी इंधनांवरचं आपल्या महाविद्यालयांतलं किती तरी काम एकाच इंजिनावर झालंय : किर्लोस्करचं टीव्ही१. एक सिलिंडर, पाण्याने थंड होणारं, ८७.५ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ११० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन आतली हवा किती पट दाबतो ते) १७.५, मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ५.२ किलोवॅट. हे आकडे मला पाढ्यांसारखे पाठ आहेत. इंजिन दणकट आहे, सुटे भाग कुठेही मिळतात, शेतावरच्या इंजिनाशी त्याचं नातं आहे. निवड चांगलीच आहे. खोट आहे ती पुढच्या कामात.

पुढे काय होतं? तेल तेवढं बदलतं. करंज, मोह, कडुनिंब, उंडी, मोगली एरंड, वापरलेलं तळणाचं तेल. त्याचं बायोडिझेल करायचं, डिझेलमध्ये पाच, दहा, वीस टक्के मिसळायचं, पाच टप्प्यांत भार वाढवायचा, इंधन मोजायचं, धूर मोजायचा. निष्कर्ष ठरलेला : वीस टक्के मिश्रण उत्तम, कार्यक्षमता किंचित कमी, धूर आणि कार्बन मोनॉक्साइड कमी, नायट्रोजनची ऑक्साइडं थोडी जास्त.

हे खरंच आहे, आणि खरं आहे म्हणूनच पुन्हापुन्हा तेच येतं. बायोडिझेलच्या रेणूत वजनाने अकरा टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन असतो, त्यामुळे काजळी कमी धरते. उष्मांक डिझेलचा किलोला ४२-४३ मेगाज्यूल, बायोडिझेलचा ३७ च्या आगेमागे. वीस टक्केच मिसळलं की मिश्रणाच्या उष्मांकातला फरक तीन टक्क्यांच्या आत येतो. काचेच्या ब्युरेटवर डोळा लावून, हातातलं स्टॉपवॉच दाबून इंधन मोजताना आमची चूकच जवळपास तेवढी असते. ज्या फरकावर अहवाल उभा, तो विद्यार्थ्याच्या अंगठ्याच्या घाईत बुडून जाऊ शकतो. मी स्वतः असे एकोणीस प्रकल्प करवून घेतलेत. पहिल्या दोन-तीनांतून मुलं खूप शिकली. नंतरच्यांतून मी काही शिकले, असं मला म्हणवत नाही.

आता दुसरं उदाहरण. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये 'अस्त्र' नावाचा गट सुरू झाला, ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान करणारा. अमूल्य रेड्डी त्याच्या मुळाशी होते. त्याच संस्थेत पुढे एच. एस. मुकुंदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकूडफाट्यापासून जळाऊ वायू करणाऱ्या भट्टीवर, म्हणजे गॅसिफायरवर, वर्षानुवर्षं काम केलं. अपुऱ्या हवेत लाकूड जाळलं की जो वायू निघतो त्यात ढोबळमानाने पाचवा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड, जवळपास तेवढाच हायड्रोजन, चिमूटभर मिथेन, आणि निम्म्याच्या आसपास नायट्रोजन असतो. दिसायला अगदी गरीब इंधन. घनमीटरला पाच मेगाज्यूलच्या आसपास, नैसर्गिक वायूच्या सातव्या हिश्शाएवढं.

हा वायू इंजिनात घालायचा तर कॉम्प्रेशन रेशो १२ च्या पुढे नेऊ नका, वायू आपोआप पेटेल आणि इंजिन ठोके देईल, असं सगळे धरून चालले होते. बंगळूरच्या मंडळींनी विचारलं, हे कुणी करून बघितलंय का? त्यांनी बाजारात मिळणारं बहुसिलिंडर डिझेल इंजिन घेतलं, ठिणगीवर चालेल असं बदललं, ज्वलनकक्ष मूळचाच ठेवला आणि कॉम्प्रेशन रेशो ११.५ पासून थेट १७ पर्यंत नेला. ठोका नाहीच. इंजिन १७ ला गुळगुळीत चाललं, १७.५ किलोवॅट वीज दिली, एकूण कार्यक्षमता २१ टक्के. डिझेलच्या तुलनेत शक्ती घटली १६ टक्के. हा निबंध २००१ चा.

त्याच निबंधात आपली कमी बाजूही त्यांनी स्वच्छ मांडलीय : डिझेलच्या तुलनेत कार्यक्षमता ३२.५ टक्क्यांनी घसरली, कारण त्या ज्वलनकक्षाच्या घडणीमुळे जास्त उष्णता थंड करणाऱ्या पाण्यात जातेय, तेव्हा पुढचं काम तिथे करायला हवं. मला हे वाक्य त्यांच्या यशापेक्षा मोलाचं वाटतं. पुढच्या माणसाला कुठे खणायचं ते कळतं.

हे काम प्रयोगशाळेत थांबलंही नाही. तुमकूर जिल्ह्यात होसहळ्ळी नावाचं पस्तीस घरांचं, वीज नसलेलं गाव होतं. तिथे १९८८ मध्ये गॅसिफायर आणि ३.७ किलोवॅटचा इंजिन-जनरेटर बसला, नंतर तो २० किलोवॅटचा झाला. दिवे, पिण्याचं पाणी, पिठाची गिरणी, शेतीचं पाणी. २००४ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं त्यात म्हटलंय की आधीच्या सहा वर्षांत ८५ टक्क्यांहून अधिक दिवस दिवे आणि नळाचं पाणी देता आलं. दिवस! त्यांनी दिवस मोजले.

तर इथल्या इंजिनवाल्यांना, शेतकऱ्यांना, कारखान्यात काम करणाऱ्यांना माझं विचारणं आहे : आमच्या प्रयोगशाळेत एक इंजिन आहे, दरवर्षी चार हुशार मुलं आहेत. आम्ही काय मोजलं तर तुमच्या उपयोगी पडेल?


बोरीची_सावली | रविवार, रात्री ९:५५

वाचनखूण साठवली. मी कॉमर्सवाली, तरी शेवटपर्यंत वाचलं. अप्पांना नमस्कार सांगा.


नोझलवाला_कराड | रविवार, रात्री ११:०८

मॅडम नमस्कार. मी डिझेल इंजिनाच्या पंप-नोझलचं काम करतो (नोझल म्हणजे आत तेलाचा फवारा मारणारा भाग), तीस वर्षं झाली. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

तुमच्या चुलत्यांनी बरोबर नस धरली. आमच्याकडे इंजिन येतं ते धूर मारतंय, उचलत नाही, सकाळी चालू होत नाही म्हणून. कुणी कार्यक्षमता कमी झाली म्हणून इंजिन आणत नाही.

करंजाच्या तेलाचं सांगतो. एक गिऱ्हाईक घाण्याचं कच्चं तेल डिझेलमध्ये निम्मं-निम्मं घालायचा. पहिला महिना खूश. धूर कमी, आवाज मऊ. दुसऱ्या महिन्यात नोझल आलं माझ्याकडे. टोकाला कोळशाची फुलं धरलेली, भोकं निम्मी बुजलेली, फवारा न पडता धार पडत होती. धार पडली की तेल नीट जळत नाही, लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर जातं, तिथून खाली ऑइलात. चेंबर खोलला तर ऑइल काकवीसारखं झालेलं. रिंगा खाचेत चिकटून बसलेल्या. नोझलचं काम थोडक्यात झालं असतं, पण त्याला पिस्टन-लायनरचा सेट घालावा लागला.

बायोडिझेल केलेलं त्यापेक्षा पुष्कळ बरं, हे मी मान्य करतो. ते पातळ असतं. पण त्याचेही तीन त्रास मी बघितलेत. एक, जुन्या टाकीत ते घातलं की टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ सुटतो आणि पहिल्या काही दिवसांतच फिल्टर चोंदतो. लोक म्हणतात तेल खराब. तेल खराब नाही, त्याने टाकी धुतली. दोन, साधे रबरी वायसर आणि पाइप फुगतात, मऊ पडतात, मग हवा ओढतं. तीन, पावसाळ्यात इंजिन चार महिने बंद. आतलं तेल चिकट होतं आणि पंपाचं एलिमेंट, म्हणजे आतला दट्ट्या, जाम होतं. हा तिसरा त्रास सगळ्यात महागाचा.

तुम्ही विचारलंत काय मोजायचं. मी सांगतो : नोझल शंभर तासाला काढून फवारा बघा, आणि पंप तेल भरून चार महिने तसाच ठेवून द्या.


येरळाकाठ | सोमवार, सकाळी ७:३०

@नोझलवाला_कराड, दादा, तुम्ही जे लिहिलंत ते आमच्या पाठ्यपुस्तकात एका ओळीत असतं आणि मुलं ती पाठ करतात. कच्च्या करंज तेलाचा चिकटपणा डिझेलच्या दहा पटींच्या घरात असतो, म्हणून फवाऱ्याचे थेंब मोठे पडतात. बायोडिझेल करताना आपण मिथेनॉल आणि थोडं कॉस्टिक पोटॅश घालून तेलाचा जड रेणू तोडतो, ग्लिसरीन खाली बसतं, वर राहतं ते पातळ. शंभर किलो तेलामागे दहा किलोच्या आसपास ग्लिसरीन निघतं.

चार महिने ठेवून देण्याचं तुम्ही सुचवलंत ते मला कधी सुचलं नव्हतं. हवेतल्या ऑक्सिजनने बायोडिझेल बिघडतं, डिंक धरतो. आयएस १५६०७ या भारतीय मानकात त्यासाठी चाचणी आहे. पण ती बाटलीतल्या तेलाची आहे, पंपात पावसाळा काढलेल्या तेलाची नाही.


तिसरे_वर्ष | सोमवार, दुपारी १:१५

ताई, धागा आवडला, पण आम्हा पीएच.डी.वाल्यांची बाजूही मांडू द्या.

इंजिन संचाचा दीर्घकालीन टिकाव तपासायची भारतीय पद्धत आहेच. आयएस १०००० च्या नवव्या भागात. सोळा तासांचं एक चक्र, अशी बत्तीस चक्रं, एकूण ५१२ तास. आता हिशोब करा. ५.२ किलोवॅटचं इंजिन पूर्ण भाराच्या आसपास चालवलं तर तासाला दीड लिटरच्या आसपास इंधन लागतं. ५१२ तासांना सातशे-आठशे लिटर. तुलनेसाठी तेवढंच साध्या डिझेलवर चालवायचं. त्यातही वीस टक्के मिश्रण असेल तर दीडशे लिटर बायोडिझेल करायचं, प्रयोगशाळेतल्या दोन लिटरच्या फ्लास्कमध्ये! शिवाय सोळा तास इंजिनापाशी कुणीतरी बसायचं. आमच्याकडे संध्याकाळी सहाला प्रयोगशाळेला कुलूप लागतं. रात्री थांबायची परवानगी मागितली तर सुरक्षेचं कारण पुढे येतं, आणि ते कारण खोटं नाही.

मग शोधनिबंध लागतात. तीन वर्षांत दोन छापून आले पाहिजेत. टिकाव-चाचणीतून एक निबंध होतो, दहा तासांच्या चाचण्यांतून चार. मी आळशी नाही. माझ्यासमोरची मोजपट्टीच तशी आहे.

आणि असं काम देशात झालंच नाही असंही नाही. जवसाच्या तेलाच्या बायोडिझेलचं वीस टक्के मिश्रण घालून ५१२ तासांची चाचणी अविनाश अग्रवाल, जयश्री बिजवे आणि एल. एम. दास यांनी केली, २००३ मध्ये निबंध आले. इंजिन खोलून प्रत्येक भागाची झीज मोजली, वंगणातल्या धातूचे कण मोजले. बायोडिझेलवर झीज आणि कोळशाचे थर कमी निघाले, कारण बायोडिझेल स्वतः चांगलं वंगण आहे. मी तो निबंध पहिल्या वर्षी वाचला आणि ठरवलं की आपण असंच काही करायचं. अजून जमलेलं नाही.


येरळाकाठ | सोमवार, दुपारी ४:४०

@तिसरे_वर्ष, तू लिहिलंस ते सगळं खरं आहे आणि त्यात तुझा दोष नाही. मोजपट्टी आम्ही मोठ्यांनी केलीय. तुमच्याकडून आम्ही संख्या मागतो आणि मग संख्याच मिळते.


चिपाड | सोमवार, रात्री ८:५०

मी गुऱ्हाळवाला, कागल तालुक्यातला. धाग्यातला गॅसिफायरचा भाग वाचून विचारतोय.

आमचा चरक इंजिनावर चालतो. वीज आहे, पण भर हंगामात चरक मध्येच थांबला तर काहिलीतला रस वाया जातो, म्हणून इंजिन लागतंच. चिपाड वाळवून चुलवणात जातं, ते पुरतं, कधी उरतं. पण पाचट! शेतात हेक्टरी आठ-दहा टन पाचट पडतं आणि निम्मा गाव ते काडी लावून मोकळा होतो. त्या पाचटाचा वायू करून माझा चरक चालेल का? पाच-सहा लाखाचा खर्च असेल तर मी करीन. पण दर चार दिवसांनी कुणाला बोलवावं लागणार असेल तर नको.


वाफेचा_माणूस | सोमवार, रात्री १०:२५

@चिपाड, साखर कारखान्यात पंचवीस वर्षं काढलीत, म्हणून लिहितो.

वायू तयार होणं सोपं आहे, दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा आपल्याकडे कोळशाच्या वायूवर मोटारी धावल्याच. स्वीडनमध्ये तर सत्तर हजारांवर गाड्या अशा चालत. अवघड आहे तो वायू स्वच्छ करणं. त्यात डांबर असतं, धूळ असते. चुलीखाली जाळायचा तर दोन्ही चालतात. इंजिनात घालायचा तर घनमीटरला शंभर मिलिग्रॅमच्या आत डांबर हवं, असा ढोबळ नियम आहे. टर्बो असेल तर त्याहूनही पुष्कळ कमी. नाहीतर व्हॉल्व्ह चिकटतात.

पाचटाच्या अडचणी आणखी वेगळ्या. ते फुलकट असतं. लाकडाचे तुकडे भट्टीत आपल्या वजनाने खाली सरकतात, पाचट मध्येच अडून बसतं, खाली पोकळी होते, वायूचा दर्जा घसरतो. त्याच्या राखेत पोटॅश आणि सिलिका, ती वितळून खडे धरते. लाकडावरची भट्टी आणून तीत पाचट कोंबू नका, एवढंच माझं सांगणं.

आमच्या बाजूचंही थोडं. स्पेंटवॉशपासून, म्हणजे मळीचं अल्कोहोल केल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यापासून, निघणाऱ्या बायोगॅसवर इंजिन चालवायचं तर हायड्रोजन सल्फाइड आधी काढावा लागतो. वायूत तो टक्क्यांत मोजावा इतका असतो आणि इंजिनाला शंभर-दोनशे पीपीएमच्या (दहा लाखांत शंभर-दोनशे भागांच्या) वर सोसवत नाही. बेअरिंगमधलं तांबं खातो, ऑइल आंबट करतो. आमच्याकडे वायू धुणारं यंत्र बंद पडलं तरी इंजिन चालू ठेवायचा आग्रह व्हायचा. मी दोनदा नकार दिला, तिसऱ्यांदा ऐकावं लागलं. पुढच्या दुरुस्तीत बेअरिंगं हातात घेतली तेव्हा वाईट वाटलं. चांगलं यंत्र होतं.


नीरा_कालवा | मंगळवार, सकाळी ९:१०

@चिपाड, पाचटावर आपल्याकडेच काम झालंय. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत (बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये सुरू केलेली) अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी उसाचं पाचट आणि चिपाड अशा सुट्या, फुलकट मालासाठीच गॅसिफायर केला होता. भट्ट्यांना उष्णता देण्यासाठी. इंजिनासाठी नव्हे, हे लक्षात घ्या. उरलेल्या कोळशाच्या कांड्या करायचाही विचार त्यात होता.

मला वाटतं तुमच्या बाबतीत उलटा विचार करावा. पाचटाचा वायू चुलवणाला द्यायचा, तिथे डांबर चालतं. आणि वाचलेलं चिपाड विकायचं. चरक डिझेलवरच राहू दे.


चिपाड | मंगळवार, सकाळी ९:४५

हे पटलं. चिपाडाला गिऱ्हाईक आहे. पण मॅडम, कुणीतरी हे गुऱ्हाळावर येऊन मोजा. गुळव्याला आच हवी तशी मिळते का हे बघितल्याशिवाय मी बदलणार नाही. गुळाचा रंग गेला की दर गेला.


नोझलवाला_कराड | मंगळवार, दुपारी २:३०

एक धोक्याचं सांगून ठेवतो. या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास येत नाही, तो दिसत नाही. बंद खोलीत गॅसिफायर लावू नका. भट्टी उघडी शेड बघूनच बसवा, रात्री शेजारी झोपू नका. गुऱ्हाळावर माणसं झोपतात म्हणून लिहिलं.


आठवा_समुद्र | मंगळवार, रात्री ११:४०

मी जहाजावर मुख्य अभियंता आहे, मूळचा रत्नागिरीचा. सध्या सुट्टीवर. येरळाकाठ, तुमच्या अप्पांचा प्रश्न आमच्या इंजिनरूममध्येही रोज विचारला जातो. तुमचं इंजिन माझ्या उंचीएवढं, आमचं चार मजली, एवढाच फरक.

आमच्याकडे सध्या दोन इंधनांची हवा आहे, मिथेनॉल आणि अमोनिया. मिथेनॉलचा अनुभव जमतोय. गोथेनबर्ग ते कील धावणाऱ्या 'स्टेना जर्मॅनिका' या फेरीबोटीचं इंजिन २०१५ मध्ये मिथेनॉलवर चालेल असं केलं गेलं. उष्मांक किलोला २० मेगाज्यूल, म्हणजे तेवढ्याच प्रवासाला टाकी सव्वादोन-अडीच पट मोठी. वंगणगुण नाही, त्यामुळे पंपाची झीज. दिवसाउजेडी त्याची ज्वाळा दिसत नाही, हे तर प्रत्येक खलाशाला नव्याने शिकवावं लागतं.

अमोनियात कार्बनच नाही, म्हणून जगभरच्या विद्यापीठांचं आणि इंजिन कंपन्यांचं लक्ष तिकडे. कोपनहेगनला २०२३ च्या जुलैत मोठ्या दोन-स्ट्रोक इंजिनाच्या एका सिलिंडरवर अमोनिया जाळून बघितला गेला. पण तो पेटायला नाखूश. आपोआप पेटायला साडेसहाशे अंश लागतात, म्हणून थोडं डिझेल आधी पेटवून त्याच्या ज्वाळेवर तो जाळावा लागतो. उष्मांक साडेअठरा. आणि ज्वलन नीट जमलं नाही तर नायट्रस ऑक्साइड निघतो, जो कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पटींच्या आसपास तापमान वाढवतो. धुराड्यातून तो थोडासाच सुटला तरी कार्बन टाळल्याचा बराचसा फायदा गेला. शिवाय अमोनिया विषारी, आणि गळती झाली तर समुद्रात पळून जायला जागा नाही.

या संशोधनातली माणसं मला बंदरांत भेटतात. चांगली गोष्ट ही की ती आमच्याकडे येऊन नोंदवह्या मागतात. किती तासांनी इंजेक्टर बदलला, जुना कसा दिसत होता, फोटो आहे का. मी तीन वर्षांचे फोटो दिले. तेव्हा एक सुचवतो : तुमच्या मुलांना या नोझलवाल्या दादांकडे आठवडाभर बसवा. तीस वर्षांची नोंदवही त्यांच्या डोक्यात आहे.


माणचा_शेतकरी | बुधवार, सकाळी ६:५०

मी दोन दिवस वाचत होतो. लिहू की नको करत होतो.

२००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीचा अहवाल आला होता, मोगली एरंडाच्या बायोडिझेलचा. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के मिसळायचं, एक कोटीहून जास्त हेक्टर लागवड करायची. पडीक जमिनीवर येतं, पाणी लागत नाही, जनावर तोंड लावत नाही, असं सांगत माणसं गावोगाव फिरली. आमच्या माणात पडीक जमीनच जास्त. मी तीन एकरांत लावला. रोपं विकत घेतली.

झाड जगलं. जगणं वेगळं आणि फळणं वेगळं. पाणी नाही तर बी नाही. चौथ्या वर्षी जे बी निघालं ते घ्यायला कुणी आलं नाही. पेंड जनावराला घालता येत नाही, विषारी. सहाव्या वर्षी मुळासकट काढलं.

त्या तेलावर इंजिन उत्तम चालतं, असे निबंध तेव्हाही होते, असं ऐकतो. चालत असेल. पण आमच्या रानात पाण्यावाचून किती बी येतं, हे आधी मोजायला हवं होतं. इंजिनाच्या माणसांनी शेतीच्या माणसांना विचारलं असतं तर बरं झालं असतं. कुणावर राग नाही आता. पण मॅडम, पुढच्या वेळी तेल निवडताना झाड कुठे, किती पाण्यावर, कुणी बी गोळा करायचं, हेही अहवालात लिहा.


येरळाकाठ | बुधवार, रात्री ९:३०

@माणचा_शेतकरी काका, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. मी त्या काळात विद्यार्थिनी होते आणि माझा पदवीचा प्रकल्प मोगली एरंडावर होता. बी कुठून आलं हे मी विचारलं नव्हतं. एका रोपवाटिकेतून गोणी आली होती, एवढंच आठवतं.

करंजाचं थोडं वेगळं आहे. झाडं आधीपासून ओढ्याकाठी, रस्त्याकडेला आहेत, लागवड करायची नाही. पण बी गोळा करायची मजुरी कोण देणार, हा तुमचा प्रश्न तसाच उरतो. यंदाच्या अहवालात पहिलं प्रकरण त्याचं असेल : किती झाडं, किती बी, किती मजुरी, घाण्यावर किती तेल निघालं.

आज विभागप्रमुखांशी बोलले. ठरलं ते असं. या वर्षी नवीन तेल नाही. गेल्या वर्षीचंच करंज, वीस टक्के मिश्रण, आणि ५१२ तास. सोळा तास सलग चालवायची परवानगी मिळाली नाही, तेव्हा आठ तासांची चौसष्ट सत्रं करणार आहोत. मानकाप्रमाणे ही चाचणी ठरणार नाही, आणि तसं अहवालात स्पष्ट लिहू. पण अप्पांचं इंजिनही सकाळी चालू होऊन दुपारी बंदच होतं. तुलनेसाठीचा साध्या डिझेलवरचा संच पुढच्या वर्षीच्या मुलांकडे. @तिसरे_वर्ष, झीज मोजायला तू आलास तर निबंधात तुझं नाव पहिलं.


तिसरे_वर्ष | बुधवार, रात्री ९:५२

येतो. नावाचं नंतर बघू. सुरू करण्याआधी लायनर आणि रिंगांची मापं माझ्यासमोर घ्या. आधीची मापं नसली की नंतरच्यांना अर्थ उरत नाही. वंगणाचे नमुने दर ६४ तासांनी काढूया, तांबं, लोखंड, शिसं तपासायला आमच्या विद्यापीठात सोय आहे.


नोझलवाला_कराड | बुधवार, रात्री १०:४०

मी पण येतो. नोझलचा दाब आणि फवारा चालू करायच्या आधी माझ्या टेस्टरवर बघून चिठ्ठी लावून देतो. मग दर शंभर तासाला मुलांनी नोझल घेऊन कराडला यायचं. पैसे नकोत. मुलांनी स्वतः काढायचं, स्वतः बसवायचं, मी फक्त बघणार.

आणखी एक जुना पंप आहे माझ्याकडे, चालू स्थितीतला. तुमचं मिश्रण भरून जूनमध्ये फळीवर ठेवतो, ऑक्टोबरात खोलू.

फिल्टर चोंदला की काढलेला टाकून देऊ नका. किती तास चालला ते त्यावर लिहा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि सगळे ओळीने ठेवा. अप्पांना तेच दाखवायचे आहेत.